हजार अंशांची ठिणगी, साठ अंशांची बादली

फॅब्रिकेशनच्या दुकानासमोरून शाळेतून घरी परतणारं मूल तिथे घटकाभर थांबल्याशिवाय पुढे जात नाही. आत कुणीतरी लोखंडी अँगलवर ग्राइंडर चालवत असतो, ठिणग्यांचा फवारा उडत असतो आणि त्यातल्या कितीतरी त्याच्या उघड्या मनगटावर, दंडावर पडत असतात. तो हात मागे घेत नाही. मूल विचारतं, ‘‘दादा, भाजत नाही का?’’ उत्तर बहुधा ठरलेलं : ‘‘सवय झाली.’’

पुण्याजवळच्या आकुर्डी, चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलांना हा प्रश्न पडायला पाठ्यपुस्तकाची वाट बघावी लागत नाही. फक्त ‘सवय झाली’ हे उत्तर चुकीचं आहे. काल कामाला लागलेल्या हेल्परच्या हातावरही त्या ठिणगीने फोड येत नाही. आणि वीस वर्षं ग्राइंडर चालवलेल्या माणसाच्या हातावर उकळत्या चहाचा पेला सांडला, तर त्याची सवय काही उपयोगाला येत नाही. ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, चहाचं शंभराच्याही आत. तरी भाजतो तो चहाच. लहान मुलांना उष्णता आणि तापमान शिकवायचं तर सुरुवात या कोड्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. व्याख्या नंतर येऊ देत; नाही आल्या तरी आठवीपर्यंत काही बिघडत नाही.

(एक गोष्ट मात्र मुलाला त्याच वेळी सांगून टाकावी. कातडीला न भाजणारी ठिणगी डोळ्यात गेली तर कायमची इजा करू शकते. म्हणून तो दादा गॉगल घालतो, किंवा त्याने तो घालायला हवा. आणि वेल्डिंगच्या उजेडाकडे तर लांबूनही बघायचं नाही.)

आता कोडं. ग्राइंडरच्या चाकाने खरवडून काढलेला पोलादाचा कण केसाच्या जाडीचा असतो. घर्षणाने तो तापतो, हवेत उडता उडता पेटतो, म्हणून पिवळा दिसतो. पण त्याचं वजन? काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश. एवढ्याशा कणात साठून साठून उष्णता किती साठणार? तो कण एक ग्रॅम पाण्यात, म्हणजे साधारण वीस थेंबांत टाकला, तर त्या पाण्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही वाढणार नाही. तुमच्या मनगटाची कातडी तर त्याहून कितीतरी जास्त पाणी बाळगून असते. ठिणगी येते, आपल्याजवळची चिमूटभर उष्णता देते आणि क्षणात कातडीच्याच तापमानाला येऊन बसते.

याउलट अंघोळीची बादली घ्या. पंधरा लिटर पाणी, नळाचं २५ अंशांचं, आणि ते ४० अंशांपर्यंत तापवायचं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे १५ गुणिले १५, सव्वादोनशे किलोकॅलरी. विजेच्या हिशेबात पाव युनिटच्या थोडं वर. १५०० वॅटचा रॉड बादलीत टाकला तर दहा-अकरा मिनिटं लागतात, हा घरोघरचा अनुभव या आकड्याशी नीट जुळतो. चाळीस अंशांची ही बादली अंगावर सुखाची वाटते. रॉड काढायचा विसरला आणि पाणी साठ अंशांवर गेलं, तर तीच बादली काही सेकंदांत लहान मुलाची कातडी पोळून काढते. तिच्याजवळ देण्यासारखं पुष्कळ असतं आणि ती ते देतच राहते.

वस्तू किती गरम आहे हे तापमान सांगतं. तापवताना तिच्यात किती ओतलं आणि निवताना ती किती देईल, हा हिशेब उष्णतेचा. महावितरणचं बिल येतं ते या दुसऱ्या हिशेबाचं. एक तांब्या पाणी ६० अंशांवर न्या की बादलीभर पाणी ६० अंशांवर न्या, तापमान एकच. बिल एक नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं, कारण ‘गीझर बंद कर, बिल येतंय’ हे वाक्य ते रोज ऐकतं.

घरी करून बघायचा पहिला प्रयोग याच हिशेबाचा. दोन सारखी पातेली. एकात एक कप पाणी, दुसऱ्यात चार कप. एकाच शेगडीवर, तेवढ्याच आचेवर, आधी एक पातेलं मिनिटभर, मग दुसरं मिनिटभर. दोन्हींत थर्मामीटर बुडवून बघायचा. कपभर पाण्याचं तापमान चाळीस अंशांनी वाढलं असेल, तर चार कपांचं साधारण दहा अंशांनी वाढलेलं दिसेल. पातेलं, हवा, आच यांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, होऊ द्यावेत. मग विचारायचं, ‘‘कोणत्या पातेल्याला गॅसने जास्त उष्णता दिली?’’ मूल हमखास जास्त तापलेल्या पातेल्याकडे बोट दाखवतं. त्यावर ‘चूक’ म्हणायचं नाही. एवढंच विचारायचं, ‘‘गॅस कोणत्या पातेल्याखाली जास्त वेळ जळला?’’ ‘‘सारखाच.’’ आणि मग मूल गप्प होतं. त्या गप्प बसण्यात आई-बाबांनी किंवा बाईंनी घाईने उत्तर कोंबू नये. बहुतेक प्रौढांना एवढं थांबणंच जमत नाही.

पातेल्यांत घालायचा थर्मामीटर तापाचा नव्हे, हे सांगायला हवं. तापाचा थर्मामीटर माणसाच्या अंगापुरता बनवलेला असतो. त्याची धाव ३५ ते ४२ अंशांच्या आसपासची. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, तांबड्या अल्कोहोलचा, शून्याखालून शंभराच्या वरपर्यंत जाणारा काचेचा थर्मामीटर घ्यावा. पाऱ्याचा नको, फुटला तर पारा गोळा करणं हा वेगळाच उपद्व्याप होतो. अल्कोहोलचा घेताना तो ११० अंशांपर्यंतचा आहे ना, एवढं बघून घ्यावं.

लहान मुलांच्या मनात या विषयाची पाटी कोरी नसते. तेल अवीव विद्यापीठातल्या सिडनी स्ट्रॉस आणि रूथ स्टावी यांनी १९७०-८० च्या दशकांत मुलांना एक साधा प्रश्न विचारून बघितला. दोन पेल्यांत सारख्याच तापमानाचं पाणी आहे. ते एकत्र केलं तर मिश्रणाचं तापमान काय? चार-पाच वर्षांची मुलं म्हणतात, तेवढंच राहील. बरोबर. सात-आठ वर्षांची मुलं, विशेषतः प्रश्नात आकडे आले की, बेरीज करतात : दहा आणि दहा वीस. चूक. आणखी काही वर्षांनी मुलं पुन्हा बरोबर उत्तराकडे वळतात. म्हणजे मधल्या काळात मूल मागे गेलं का? मुळीच नाही. त्याला नुकतीच बेरीज येऊ लागलेली असते, हातच्याची गणितं चालू असतात आणि नवं हत्यार हाती आलेला माणूस ते सगळीकडे चालवून बघतो. दोन पेले एकत्र केले की पाण्याची बेरीज होते. मग तापमानाची का नाही?

या वयात ‘तापमानाची बेरीज होत नाही’ असं सांगून भागत नाही. २० अंशांचं एक कप आणि ६० अंशांचं एक कप पाणी एकत्र करून मुलालाच थर्मामीटर वाचू द्यावा. आधी अंदाज लिहून घ्यावा. ८० लिहिणाऱ्याला ४० च्या जवळचा आकडा दिसला की तो थर्मामीटर बिघडला असं म्हणतो, आणि ते फार चांगलं लक्षण आहे. त्याला आपला अंदाज आणि निसर्ग यांच्यात भांडण आहे हे कळलेलं असतं. मग एकास तीन कप करून बघायचं. २० अंशांचे तीन कप आणि ६० अंशांचा एक कप. आकडा ३० च्या आसपास येतो. गरम पाण्याने ३० अंश गमावले, थंड पाण्याने दहाच कमावले. पण कमावणारे तिप्पट होते. हा जमाखर्च चौथी-पाचवीच्या मुलाला सूत्राशिवाय मांडता येतो आणि तो मांडता आला की आठवीच्या पुस्तकातली कॅलरी त्याला परकी वाटत नाही.

यापुढचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो आणि तो या पट्ट्यात करण्यासाठीच जन्माला आला आहे. आकुर्डी-भोसरीत जिथे एखादा जाडजूड पोलादी नट कुठल्याशा डब्यात पडलेला नाही असं घर शोधावं लागेल. असे दोन-चार नट घ्यायचे, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून २०० ग्रॅम भरतील एवढे. दोऱ्यात ओवून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे. आता त्यांचं तापमान उकळत्या पाण्याइतकंच झालं. दुसरीकडे एका भांड्यात २५ अंशांचं २०० मिलिलिटर, म्हणजे नटांच्याच वजनाचं पाणी. मोठ्या माणसाने दोरा धरून नट चटकन त्यात सोडायचे, ढवळायचं, थर्मामीटर वाचायचा. त्याआधी अर्थात अंदाज. मागचा प्रयोग केलेली हुशार मुलं म्हणतील, सारखं वजन, म्हणजे बरोबर मधे : साठच्या थोडं वर. आकडा ३२ च्या आसपास थांबतो. जेमतेम सात अंशांची वाढ!

‘‘नट नीट तापले नव्हते,’’ ही पहिली शंका. मग परत तापवा, दहा मिनिटं तापवा. पुन्हा तेच. ‘‘येताना हवेत गार झाले.’’ असेल थोडंसं. भांडी अगदी शेजारी ठेवून करा. तरीही तेच. हळूहळू मुलांच्या लक्षात येतं की नट गरम होते यात शंका नाही, पण त्यांनी सोबत आणलेलंच थोडं होतं. सारख्या वजनाचं पोलाद सारख्याच अंशांनी तापवलं, तर ते पाण्याच्या जेमतेम एक नवमांश उष्णता सामावून घेतं. अॅल्युमिनियमचा तुकडा असेल तर साधारण एक पंचमांश. पाण्याइतकी उष्णता पोटात ठेवणारा पदार्थ रोजच्या वापरात दुसरा नाही. म्हणून तर पोट शेकायच्या रबरी पिशवीत पाणी भरतात आणि गाडीच्या रेडिएटरमध्येही पाणीच खेळवतात.

ज्यांचे वडील किंवा आई हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये काम करतात, त्या मुलांकडे याची पुढची गोष्ट असते. पोलादाचा गिअर भट्टीत ८५० अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा तो आधी काळसर लाल, मग लालभडक, मग नारिंगीकडे झुकतो. अनुभवी माणूस नुसत्या रंगावरून किती तापला ते ओळखतो. मग तो तेलाच्या टाकीत बुडवतात. एकदम निवल्यामुळे पोलाद कडक होतं. ती टाकी एवढी मोठी का असते, हे मुलाला विचारायला सांगा. एक गिअर निववायला बादलीभर तेल दिसायला पुरेसं वाटतं. पण पाळीभर एकामागून एक गिअर येत राहतात, प्रत्येक जण आपली उष्णता तेलात टाकून जातो आणि तेल तापत जातं. तेल फार तापलं तर गिअर हवा तसा निवत नाही. म्हणून टाकी मोठी, आणि शिवाय तेल थंड ठेवायची वेगळी सोय. नट आणि भांड्याचाच प्रयोग हा, फक्त पगारी.

मुलांच्या हाताचा भरवसा किती धरायचा, हा प्रश्न याच्याही आधी कधीतरी सोडवायला हवा होता. पण पुस्तकं तो सगळ्यांत आधी घेतात आणि मुलं कंटाळतात, म्हणून मी तो मुद्दाम इथवर मागे ठेवला. जानेवारीतल्या सकाळच्या शाळेत बाकाच्या लाकडी फळीला हात लावा आणि मग त्याच्याच लोखंडी पायाला. पाय गार लागतो. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत आहेत, थर्मामीटर दोन्हींना टेकवला तर आकडा एकच. लोखंड बोटातली उष्णता भराभर ओढून नेतं, लाकूड नेत नाही. बोट आपलीच उष्णता किती वेगाने चालली आहे ते सांगतं आणि आपण समजतो की ते लोखंडाचं तापमान सांगतंय. मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटरवर हेच उलटं होतं : मागचा लोखंडी दांडा हात लावू देत नाही, हँडलची रबरी मूठ चालते.

तीन भांड्यांचा जुना प्रयोगही याच जातीचा. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, थोड्या वेळाने दोन्ही कोमट पाण्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० च्या आपल्या ग्रंथात याच अनुभवाचा दाखला दिला होता. साडेतीनशे वर्षांच्या जवळपास जुना असूनही हा प्रयोग पहिलीच्या वर्गात आजही हशा पिकवतो, कारण स्वतःचेच दोन हात एकमेकांशी भांडताहेत ही कल्पना त्या वयात भारी गंमतीची असते. भांडण लागलं की पंच हवा. थर्मामीटर मुलाच्या आयुष्यात असा यावा, पंच म्हणून. ‘हे तापमान मोजायचं साधन’ अशी ओळख करून दिलेला थर्मामीटर कपाटात पडून राहतो.

उष्णता आणि तापमान यांची फारकत प्रथम नीट करणारा माणूस जोसेफ ब्लॅक. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात तो १७६० च्या सुमारास शिकवत होता. एका खोलीतल्या सगळ्या वस्तू थर्मामीटरला सारख्याच दिसतात, मग हाताला काहीही वाटो, हे तो विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायचा. त्याला छळणारा प्रश्न बर्फाचा होता. वसंतात ऊन पडू लागलं तरी बर्फ एकदम वितळून पूर का येत नाहीत? तो आठवडे-आठवडे का टिकतो? उत्तर घरच्या स्टीलच्या भांड्यात मिळतं. बर्फाचे खडे आणि थोडं पाणी ढवळत ठेवा, मंद आचेवर ठेवलंत तरी चालेल, आणि थर्मामीटर बघत बसा. तो शून्याला चिकटतो. उष्णता आत जातेय, आच खाली चालू आहे, आणि आकडा हलायचं नाव घेत नाही. शेवटचा खडा विरघळेपर्यंत नाही. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत गेलं असतं. उष्णता गेली आणि तापमान वाढलं नाही! दोन्ही एकच असते तर हे घडलंच नसतं.

तिकडे उकळतानाही आकडा असाच थांबतो, आणि आकुर्डीत तो पुस्तकात लिहिलेल्या जागी थांबत नाही. पुस्तक १०० म्हणतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहोत, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर चांगला असेल तर हा फरक मुलाला स्वतः वाचता येतो. मुंबईच्या मामाकडे गेल्यावर तोच थर्मामीटर नेऊन परत वाचायला सांगा. सेल्सिअस नावाच्या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने १७४२ मध्ये हे शंभर भाग पाडले, तेव्हाच हवेच्या दाबाने उकळबिंदू बदलतो हे त्याने लक्षात घेतलं होतं. आणि त्याने आकडे उलटे लावले होते : उकळत्या पाण्याला शून्य, बर्फाला शंभर. त्याच्या मृत्यूनंतर ते सरळ झाले. मुलांना हे सांगितलं की ती लगेच उलट्या मोजपट्टीत ताप किती येईल याचा हिशेब करायला लागतात, करू द्यावा.

स्वेटरचं प्रकरण थोडक्यात. ‘स्वेटर गरम असतो’ असं मुलांना मनापासून वाटतं, आपणही तसंच बोलतो. आइसगोळ्याच्या गाडीवरची बर्फाची लादी गोणपाटात का गुंडाळलेली असते हे विचारा. स्वेटर गरम करत असेल तर बर्फ स्वेटरमध्ये लवकर वितळायला हवा. दोन सारखे खडे, एक ताटलीत उघडा, एक लोकरी टोपीत गुंडाळलेला. अर्ध्या तासाने बघा. यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज पडत नाही.

ही सगळी सामग्री घरातली आणि भंगारातली आहे, आणि त्यालाही या पट्ट्यात एक जुनी वाट आहे. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेले अरविंद गुप्ता १९७० च्या दशकात पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांपासून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात मुलं धडा वाचण्याऐवजी प्रयोग करत होती. तिथे गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकृत्या बांधायला सुरुवात केली आणि पुढे टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. २००३ पासून दशकभर ते पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांबरोबर होते. ट्रकच्या कारखान्यातला इंजिनिअर भंगारातून विज्ञान शिकवायला निघाला, यात मला काही विरोधाभास दिसत नाही. वस्तू कशी बनते हे जवळून पाहिलेल्या माणसाला महागड्या किटची भीडही वाटत नाही आणि गरजही.

कारखान्याचा आणखी एक धडा मुलांना जरूर द्यावा. घरात उष्णता नेहमी विस्तवातून किंवा विजेतून येते, त्यामुळे ती आगीतूनच येते असं मुलाला वाटतं. लेथवर किंवा ड्रिलवर काम चालू असताना हत्याराच्या टोकावर दुधासारखं पांढरट पाणी सतत पडत असतं. ते कूलंट. तिथे आग नाही, हीटर नाही. मग थंड कशाला करतात? १७९८ मध्ये काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने म्यूनिकच्या तोफखान्यातले असेच प्रयोग जाहीर केले. तोफेच्या पितळी नळीत बोथट गिरमिट फिरवलं, भोवती पेटीत साडेआठ किलोच्या आसपास थंड पाणी ठेवलं, आणि अडीच तासांनी ते पाणी उकळू लागलं. बघायला जमलेले लोक अवाक झाले, असं तो लिहितो. गिरमिट फिरवत राहा, उष्णता येतच राहते. त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे आणि तो वस्तूंत भरलेला असतो असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. द्रव असता तर कधीतरी संपला असता. मुलाला तळहात एकमेकांवर जोरात घासायला सांगा, मग ड्रिलची गोष्ट सांगा. सहा वर्षांच्या मुलालाही ती पुरते.

मग उष्णता म्हणजे आहे तरी काय? दहाएक वर्षांच्या आत रेणू काढू नयेत असं मला वाटतं. त्याआधी ‘रेणू’ हा शब्द फक्त पाठ होतो. त्यानंतर आकुर्डीच्या मुलाला मी एकच दृष्टांत देईन. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की तिचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो, ते त्याने पाहिलेलं असतं. एका दिंडीतले वारकरी जेवढ्या जोमाने पावली खेळतात, तेवढ्याच जोमाने दुसऱ्या दिंडीतलेही खेळत असतील, तर दोन्हींचं तापमान सारखं. पण एका दिंडीत पन्नास जण असतील आणि दुसरीत पाचशे, तर पाचशेंच्या पायांनी उठलेली धूळ कितीतरी जास्त. दर माणशी जोम किती ते तापमान. सगळ्यांचा मिळून किती, तो उष्णतेचा साठा. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे बेभान नाचणारे मूठभर, आणि बादली म्हणजे संथ पावली खेळणारा अवघा सोहळा. दृष्टांताची मर्यादाही सांगायला हवी : वारकरी थकतात, रेणू थकत नाहीत. त्यांना थांबवायचं तर कुणीतरी त्यांचा जोम काढून घ्यावा लागतो.

हा ‘कुणीतरी’ कोण, ते बघायला मोटरसायकलच्या इंजिनाकडे जावं. सिलिंडरभोवती एकावर एक पातळ पट्ट्या असतात. मेकॅनिक त्यांना फिन म्हणतो. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातला जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची जवळपास सगळी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून हवेत जाते. सायलेन्सरचा वाटा किती असतो याची पावती पुणे जिल्ह्यातल्या निम्म्या दुचाकीस्वारांच्या पोटरीवर कधी ना कधी उमटलेली आहे. अंगातून जाणाऱ्या वाट्यासाठी हवेला जितकी जास्त जागा शिवता येईल तितकं बरं, म्हणून त्या पट्ट्या. मुलाला त्या मोजायला सांगा, एका पट्टीच्या दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढायला सांगा, आणि पट्ट्या नसत्या तर किती जागा उरली असती याचा हिशेब करू द्या. जुनी चेतक स्कूटर कुणाकडे अजून शिल्लक असेल, तर तिच्या बाजूचं झाकण काढून आतला पंखा दाखवा. तिचं इंजिन झाकणाआड होतं, वारा तिथवर पोहोचत नव्हता, म्हणून पंख्याने तो आणून द्यावा लागे. त्या चेतकचा कारखाना आकुर्डीतच होता, जुन्या महामार्गाला लागून. आता त्याच नावाची विजेवरची स्कूटर बाजारात आहे आणि तिला सायलेन्सरच नाही. तिची मोटर विजेतला बहुतांश भाग चाकाला देते, उष्णता फारच थोडी करते. तरी थोडी करतेच. लांबून आलेल्या स्कूटरच्या मोटरजवळ हात नेऊन, न टेकवता, मूल विचारेल की ही पण गरम का झाली. त्याला ड्रिलची आणि कूलंटची आठवण करून द्या, आणि चार्जरलाही हात लावून बघायला सांगा.